दोष दरवेळी कार्ब्युरेटरचाच नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या देखभालीवरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. गाडी चढावर धक्के खाऊ लागली किंवा चालता चालता बंद पडली, की कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) खोलून साफ करावा आणि तेवढ्याने भागले नाही तर विजेवर चालणारा फ्युएल पंप बसवावा, असा सल्ला त्यात दिला आहे. १९५० च्या दशकातील एक मोटार मी बरीच वर्षे स्वतः सांभाळत आलो आहे आणि त्या अनुभवावरून हा क्रम मला उलटा वाटतो. पेट्रोलचा प्रवास टाकीपासून सुरू होतो, म्हणून दोषाचा शोधही तिथूनच सुरू व्हावा. कार्ब्युरेटर हा त्या वाटेवरचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा आहे. तो विनाकारण खोलताना फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी हलली किंवा गॅस्केट फाटले, तर एका दोषाचे दोन होतात.

त्याआधी दोष खरोखर पेट्रोलचाच आहे का, हे पाहिले पाहिजे. गाडी बंद पडल्यावर लगेच एअर क्लीनर काढावा, इंजिन न फिरवता थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरला जोडलेला) दांडा हाताने हलवावा आणि कार्ब्युरेटरच्या नळीत पाहावे. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर फ्लोट चेंबरपर्यंत पेट्रोल पोहोचले आहे असे समजावे आणि मोर्चा इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे, वळवावा, कारण त्या यंत्रणेतला तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल अगदी पेट्रोल अडल्यासारखीच लक्षणे दाखवते. एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये चिळकांडी उडवणारा ॲक्सिलरेटर पंप नसतो. तिथे फ्लोट चेंबरचे झाकण उघडूनच पाहावे लागते.

माझी गाडी एकेकाळी वीसेक मिनिटे उत्तम चालून बंद पडत असे आणि दहा मिनिटे थांबले की काही झालेच नाही अशा थाटात सुरू होत असे. मी दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, दोन्ही वेळा गाडी घराबाहेर काढली आणि दोन्ही वेळा ती रस्त्यातच थांबली. पहिला संशय टाकीच्या झाकणावर घ्यायला हवा होता. त्यातले हवेचे छिद्र बुजले, की पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत निर्वात स्थिती तयार होते आणि पंपाची ताकद अपुरी पडते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज येतो. माझे झाकण निर्दोष निघाले. टाकी उतरवली तेव्हा तळाशी गंजाचे पापुद्रे सापडले. इंजिन चालू असताना ते पंपाच्या ओढीने नळीच्या तोंडाशी चिकटत आणि इंजिन थांबले की गळून पडत. कार्ब्युरेटर कितीही उजळला असता, तरी हा दोष गेला नसता.

टाकी आणि पंप यांच्यामधल्या वाटेबद्दल लेखात एक ओळही नाही, याचे मला विशेष वाटले. पंपाच्या पुढच्या नळीला भेग पडली तर पेट्रोल ठिबकते आणि दिसते. मागच्या, म्हणजे ओढीच्या बाजूला भेग पडली तर बाहेर थेंबही येत नाही, उलट लाइन हवा घेते. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे आडवे येते, तेव्हा ती बाहेरून धडधाकटच दिसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते. शिवाय लाखेचे लुकण दिलेले बुचाचे फ्लोट ज्या गाड्यांत आहेत, तिथे ती लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो. अशा गाडीत नळ्या आणि फ्लोट इथेनॉलला टिकणाऱ्या साहित्याचे घेतले, तर पुढचे बरेच शोधकाम वाचते.

इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) पंप साधारण २ ते ५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढाच दाब देतो आणि कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोलची आवक बंद करणारी सुई) तेवढाच दाब रोखण्यासाठी बनवलेली असते. इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचे विजेचे पंप त्याच्या कितीतरी पट, बहुधा ४० पीएसआयच्या आसपास दाब देतात. असा पंप जुन्या गाडीला जोडला, तर नीडल उचलली जाऊन कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते. विजेचा पंप बसवायचाच असेल तर तो कमी दाबाचा असावा, टाकीजवळ खालच्या बाजूला असावा, कारण हे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात तरबेज असतात, आणि अपघातात आपोआप बंद होण्याची सोय त्याला असावी. जुना पंप तसाच ठेवला तर ऑइलची दांडी काढून वास घ्यावा. डायफ्राम फाटला असेल, तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळाच्या भागात, उतरून ऑइल पातळ होते आणि बेअरिंगांचे नुकसान सुरू होते.

उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, त्याचाही दोष पंपाच्या माथी मारला जातो. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी थोडी दूर नेली किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा घातला, की हा त्रास बराच कमी होतो. पंपच नसलेल्या गाड्यांच्या अडचणी आणखी निराळ्या. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) मध्ये पेट्रोल केवळ उतारावर वाहून येई, त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असले की टाकी इंजिनापेक्षा वर राहावी म्हणून लोक उभा चढ रिव्हर्स गिअरमध्ये चढत.

शेवटी एक विनंती. पंपाचा प्रवाह मोजण्यासाठी नळी सोडवून पेट्रोल भांड्यात घेण्याची कृती आपल्या लेखात आहे, पण ती इंजिन थंड असताना, इग्निशन कॉइलची तार काढून आणि अग्निशामक हाताशी ठेवून करावी, हे त्यात नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती ठळकपणे छापावी.

आपला,
एक नियमित वाचक