सूचना : रविवारी मॉडेल रेल्वेचे १९५५ पर्यंतचेच डबे आणावेत

सभासदांना नमस्कार. रविवारी आपल्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, १९५५ सालची अमेरिकन मालगाडी धावेल. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरांत बांधणीचं साल असतं, ते आधी वाचा. पण तेवढ्यावर विसंबू नका, जुना डबा नंतर पुन्हा रंगवलेलाही असतो. रंगीत पट्ट्यांचं एसीआय लेबल (डबा यंत्राने ओळखण्यासाठीचं) दिसलं, तर ते रूप १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. तो डबा घरीच ठेवा. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीचा पीएस-१ बंद डबा १९४७ पासूनचा, तो चालेल, मात्र छतावर चालायची फळी हवीच. आर्चबार बोग्या (डब्याखालच्या चाकांच्या, लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या चौकटी) नकोत. दुसऱ्या कंपन्यांच्या मार्गांवर त्यांना १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंदी झाली होती. सगळे डबे नवेकोरे दिसले तर गाडी खोटी वाटते, म्हणून काजळी धरलेले जुने लाकडी डबे जरूर आणा. शंका असल्यास शनिवारपर्यंत फोटो ग्रुपवर टाका.