आठवड्याचा छंद काय कामाचा?

महोदय,

सुट्टीत मुलांना दर आठवड्याला नवा छंद लावा, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सल्ला पटला नाही. दुर्बिणीचा आरसा घासण्याचेच घ्या. ४८ इंच नाभीय अंतराच्या सहा इंची आरशात काच मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर खोल करायची असते. ८० नंबरच्या कार्बोरंडम या काच घासायच्या जाड पुडीने ते काही तासांत होते. खरे काम त्यानंतरचे. १२०, २२०, ४००, ६०० अशी पूड बारीक होत जाते आणि दर टप्प्याला काच, टेबल, बादली, अगदी नखेसुद्धा धुवावी लागतात. ४००च्या वेळी ८०चा एक कण राहिला, तरी चरा उठतो आणि मागच्या नंबरावर परतावे लागते. शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई. झिलई थांबवल्याबरोबर आरशाचा आकार तपासणारी फूकोची चाचणी घेतली, तर हाताच्या उबेने फुगलेली काच खोटा आकार दाखवते. निदान अर्धा तास नुसते थांबावे लागते. (मुलांना हेच सर्वांत जड जाते.) आठवड्याच्या वेळापत्रकात हा अर्धा तास कुठे बसवणार? छंदवर्गांनी सुट्टीभर एकच विषय घेण्याचा पर्याय तरी ठेवावा.

– एक वाचक, पुणे