त्या सोमवारचा पेपर

धुळे एसटी आगार,
रात्रीचे साडेदहा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आज धुळ्याला मुक्काम आहे. विश्रांतीगृहात बाकीचे झोपलेत, मला झोप येत नाही. काल रात्री तू आईशी बोलत होतीस ते मी बाहेरच्या खोलीत ऐकलं. मुलाखत घेणाऱ्याने तुझं मार्कशीट पाहून विचारलं, "2020? म्हणजे कोरोना बॅच?" ते सांगून तू आईला म्हणालीस, "खरंच तर आहे, तासाभरात पर्यायांवर टिका करून मिळालेली डिग्री."

तो माणूस परका. पण हे शब्द तुला पहिल्यांदा ऐकवले मी. आज संबंध रस्ताभर तेच मनात घोळत होतं, म्हणून लिहायला बसलो.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. पहाटेची फेरी संपवून मी नुकताच कळव्याला घरी पोचलो होतो. तू आंघोळ करून बसली होतीस, डब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. शेवटच्या वर्षाचा पन्नास मार्कांचा ऑनलाइन पेपर, एक तास. दहाच्या सुमारास वीज गेली. आपल्याच कळव्याला पडघ्याहून येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळं एकदम थांबलं. थोड्या वेळात मोबाईलची रेंजही गेली. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, माझा पेपर!" आणि मी पडल्यापडल्या म्हणालो, "त्यात काय एवढं? टिकाच तर करायच्यात. आज नाही तर उद्या."

तू काहीच बोलली नाहीस. चप्पल घालून खाली गेलीस. पंप बंद, त्यामुळे वरच्या टाकीत पाणी नाही. चौथ्या मजल्यावरचे आजोबा घरात एकटेच विलगीकरणात होते, मुलगा-सून दोघंही दवाखान्यात. तू खालच्या टाकीतून बादल्या भरून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवल्यास. जिन्यात बादलीच्या कडीचा आवाज मी तीन वेळा ऐकला. उठलो नाही.

मनू, त्या पेपरासाठी तू किती थांबली होतीस हे मला ठाऊक होतं गं. मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं तेव्हा तुझी प्रॅक्टिकल्स अर्धी राहिली होती, जर्नलवर सह्या व्हायच्या होत्या. मग परीक्षा होणार, नाही होणार, सरासरीने मार्क देणार, नाही देणार. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही, तेव्हा कुठे तू पुन्हा वह्या काढल्यास. तुझ्या मैत्रिणी रडकुंडीला आल्या होत्या. तू म्हणालीस, "बरं झालं, निदान काहीतरी ठरलं."

लोकल बंद होत्या. आमच्या गाड्या दवाखान्यांत काम करणाऱ्या माणसांना ठाण्याहून मुंबईला नेत होत्या. मी पहाटे साडेतीनला उठायचो आणि परत आलो की गॅलरीतच आंघोळ, गॅलरीतच झोप. आजीच्या जवळ जायचं नाही म्हणून. ताट तू दाराबाहेर ठेवायचीस आणि दार लोटून तिथेच बसायचीस, मी जेवेपर्यंत. आपण बापलेक आयुष्यात जितकं बोललो नव्हतो तितकं त्या बंद दाराआडून बोललो.

मे महिन्यात मजुरांना राज्याच्या सीमेवर सोडायची ड्युटी लागली ती याच रस्त्याने. खारेगावपासून कसाऱ्यापर्यंत डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालत होती. चव्वेचाळीसच्या गाडीत बावीस जण बसवायचे, पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर उतरवायचं. एका बाईने पोराला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "भैया, घर कितना दूर है?" तिचं घर उत्तर प्रदेशात होतं. मी काय सांगणार? घरी येऊन तुला एवढंच सांगितलं आणि मला पुढे बोलवेना. दाराआडून तू म्हणालीस, "बाबा, उरलेलं उद्या सांगा. आधी वरण खा, गार होतंय." वीस वर्षांच्या पोरीला हे कळतं कुठून, असं मी त्या रात्री आईला फोनवर विचारलं. आई आत, मी गॅलरीत, मध्ये एक भिंत.

आणि ती हळद! मजल्यावरच्या पोरांना शाळा नव्हती, तीन घरांत मिळून एक मोबाईल. तू त्यांना पॅसेजमध्ये लांब लांब बसवलंस. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की लालभडक, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. पोरं ओरडली होती. तुझी प्रयोगशाळा बंद होती आणि तू ती ओट्यावरच्या तीन वाट्यांत मांडलीस. माझ्या मते तुझं तिसरं वर्ष तिथे झालं. त्याचे मार्क कुठल्याच कागदावर नाहीत, हे मात्र खरं.

निकालानंतर नोकरी नव्हती. 2021 च्या उन्हाळ्यात लशीसाठी नोंदणी सुरू झाली. एका मोबाईल नंबरवर चारच नावं बसायची. तू वही केलीस: कुठल्या घरातलं कोण, कुणाच्या नंबरवर, पहिला डोस कधी, दुसरा कधी. म्हाताऱ्यांचे ओटीपी यायचे तुझ्याकडे. रात्री बारा बारा वाजेपर्यंत तू स्लॉट शोधत असायचीस. ती वही मी जपून ठेवली आहे, माझ्या सर्व्हिसच्या कागदांच्या फाईलमध्ये. तुला हे माहीत नाही.

मुलाखतीत पुन्हा कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. तुला शिकवायला मी बसलेलो नाही. मला फक्त माझं बोलणं परत घ्यायचं आहे. टिका करायच्या होत्या म्हणून तो पेपर हलका नव्हता. मी थकलो होतो, हेही कारण पुरेसं नाही, कारण तूही थकली होतीस.

वीज दुपारी आली. तुझा पेपर पुढे ढकलला, तो नंतर झाला. मी तेव्हा ड्युटीवर होतो आणि घरी आल्यावर विचारायचंही राहिलं. आता विचारतो.

कसा गेला होता गं पेपर?

तुझा,
बाबा