बलक फेकू नका, दुधाची पिशवी वाचा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही अंड्यातला पिवळा बलक काढून टाकता आणि आई, तू कोळंबी आणणं बंद केलंस, कारण 'कोलेस्टेरॉल हृदयात जाऊन बसतं.' तसं ते जात नाही. बंदी घालायचीच असेल तर ती योग्य पदार्थांवर घाला.

हृदयाच्या स्नायूपेशीला कोलेस्टेरॉल लागतंच. प्रत्येक पेशीभोवती मेदाचा पातळ पडदा असतो आणि त्याचा घट्टपणा कोलेस्टेरॉल सांभाळतं. ठोक्यागणिक कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियमची ये-जा करणाऱ्या वाहिन्या याच पडद्यात बसवलेल्या असतात. हृदय दिवसाला साधारण 1,00,000 ठोके देतं, पण त्यासाठी कोलेस्टेरॉल जाळत नाही. त्याची 60 ते 70 टक्के ऊर्जा फॅटी ॲसिडपासून येते. लागणारं कोलेस्टेरॉल पेशी स्वतः बनवते, नाहीतर रक्तातून घेते. ताटातला बलक थेट तिच्यापर्यंत पोचत नाही.

आता बलकाचा हिशोब. एका अंड्यात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. आपलं यकृत पित्तावाटे रोज एक ग्रॅमच्या आसपास आतड्यात सोडतं, म्हणजे पाच अंड्यांइतकं. आतडं त्या सगळ्या मिश्रणातलं साधारण निम्मं शोषतं. जेवणातून जास्त आलं की यकृत आपलं उत्पादन कमी करतं. त्यामुळे खाण्यात रोज 100 मिलिग्रॅम वाढले तर रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी दोन-सव्वादोनच अंकांनी चढतं. काहींचं जास्त चढतं, हे मान्य. बाबा, तुम्ही रोज एक अख्खं अंडं खा. आई, तुला मधुमेह आहे आणि मधुमेहींच्या बाबतीत अभ्यासांचे निष्कर्ष तितके निवांत नाहीत, म्हणून तू आठवड्याला तीन-चारच खा.

ही भीती 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांपर्यंत मागे जाते. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. निरीक्षण अगदी खरं होतं, पण ससा पडला शाकाहारी, त्याच्या शरीराला हे पचवायची सवयच नाही. 'कोलेस्टेरॉलमुळे हृदयपेशींचं कॅल्शियम बिघडतं' अशा बातम्या येतात, त्यामागच्या प्रयोगांत बहुधा प्राण्यांच्या खाद्यात वजनाच्या एक-दोन टक्के कोलेस्टेरॉल मिसळलेलं असतं. माणसाने दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खाल्लं असं धरलं तर त्याचा एक टक्का म्हणजे 5 ग्रॅम, सत्तावीस अंडी. तेव्हा अशी बातमी मला फॉरवर्ड करण्याआधी खाद्यातलं प्रमाण तेवढं बघत जा.

खरी गडबड रक्तवाहिनीत होते. एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे अडकून त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात आणि थर वाढत जातो. त्यावरचं पातळ आवरण एक दिवस फाटतं, तिथे गुठळी होते आणि पलीकडच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. काही सेकंदांत तो भाग आकुंचन पावायचा थांबतो. वीस ते चाळीस मिनिटांत तिथल्या पेशी कायमच्या मरायला लागतात. हृदयाच्या पेशी नव्याने फारच थोड्या तयार होतात, तरुणपणी वर्षाला एक टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणून छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही झालं तर 'पित्त असेल' म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं. आई, मधुमेहात छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं, तेव्हा तू तर अजिबात थांबायचं नाहीस.

रक्तातलं एलडीएल ओढून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे एलडीएल पकडणारे रेणू असतात. हे शोधणाऱ्या मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. संतृप्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) जास्त झाला की या ग्राहकांचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. तेव्हा आपल्या घरात मोजायचा तो संतृप्त मेद.

तुमच्या वयाला दिवसाच्या 1600 कॅलरी धरल्या तर त्यातल्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे जास्तीत जास्त 18 ग्रॅम संतृप्त मेद चालेल. आता दुधाची पिशवी हातात घ्या. फुल क्रीम म्हणजे 6 टक्के मेद. घरात रोज लिटरभर येतं, माणशी अर्धा लिटर. त्यात 30 ग्रॅम मेद आणि त्यातला जवळजवळ 19 ग्रॅम संतृप्त, म्हणजे दिवसाचा कोटा दुधातच संपला! आई, तू साय काढतेस हे ठाऊक आहे, पण तीच विरजून, कढवून तूप होऊन वरणभातावर परत येते. चहाच्या चमचाभर तुपात 3 ग्रॅम संतृप्त मेद असतो. टोन्ड दूध (3 टक्के) आणा, जमलं तर डबल टोन्ड (दीड टक्का). दही छान लागतं, फक्त विरजण किंचित जास्त घाल. तूप दिवसाला एक चमचा राहू दे, वरणभात कोरडा खा असं मी म्हणणार नाही.

कोळंबीचंही तसंच. 100 ग्रॅम कोळंबीत कोलेस्टेरॉल 150 ते 190 मिलिग्रॅम असलं तरी संतृप्त मेद अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तो येतो वाटपातून: 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तब्बल 30 ग्रॅम. दोघांच्या कालवणाला तेवढं खोबरं घातलं तर माणशी 15 झाले. खोबरं मूठभर घे, दाटपणाला भाजलेला कांदा आणि थोडं तांदळाचं पीठ लाव, आंबटपणाला कोकम आहेच. कोळंबी तळण्यापेक्षा कालवणात बरी.

तेलाच्या डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना जादा पैसे मोजू नका. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, खोबरेलातसुद्धा, आणि खोबरेलाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग संतृप्त असतो. शेंगदाण्याच्या तेलात हे प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास आहे, तेच चालू ठेवा, दोघांना मिळून महिन्याला एक लिटर. चहाबरोबरची खारी मात्र बंद. ट्रान्स मेदावर (वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलातल्या मेदावर) 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, पण त्यातला पामतेलाचा संतृप्त मेद कुठे गेला? तूप-खारी कमी करून त्या जागी मारी बिस्किटं आणि भात वाढवलात तर ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसऱ्या प्रकारचा मेद) चढतील. मूठभर भाजलेले शेंगदाणे खा.

रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात घेतलं तर एलडीएल आणखी थोडं उतरतं. पाणी कमी पडलं तर तेच घशात फुगून अडकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळीचं शोषण घटतं.

आणि बाबा, कोलेस्टेरॉलची गोळी. रिपोर्ट नॉर्मल आला तो ॲटोर्व्हास्टॅटिनमुळे. ती यकृताचं कोलेस्टेरॉल उत्पादन दाबते, मग यकृत ग्राहक वाढवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पहिल्या जागी येतो. ती दिवसातून कधीही घेतली तरी चालते, रोज एकाच वेळी घेतली की विसरत नाही. मांड्या दुखतात म्हणून स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा, ते सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) तपासतील आणि गरज पडली तर डोस किंवा गोळी बदलतील. 'अर्धी घेतो' हाही प्रयोग नको. डोस दुप्पट केल्यावर एलडीएल आणखी सहाएक टक्केच उतरतं, त्यामुळे कमी डोससोबत एझेटिमाइब हे दुसरं औषध देण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो. ते आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण रोखतं.

पुढच्या महिन्यात दोघांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असतील तर सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा धरू नका, लॅबला थेट मोजायला सांगा. सोबत टीएसएच ही थायरॉइडची चाचणी करा, थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, हृदयाचा धोका वाढवणारा कण) आयुष्यात एकदा तपासलं की पुरे, ते आनुवंशिक असतं आणि खाण्याने फारसं हलत नाही. तुमचं जास्त निघालं तर मला आणि दादालाही ही तपासणी करावी लागेल, म्हणून तो रिपोर्ट आधी पाठवा.

तुमची लेक