रात्रपाळीचं झाड

कुडाळ, मार्गशीर्ष

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि हसू आवरेना. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर आणि यीस्ट घालून ऑर्किडला कार्बन डायऑक्साइड पाजतोयस, तोही भर दुपारी! अरे, त्या वेळी तुझ्या त्या ऑर्किडची, म्हणजे फॅलेनॉप्सिसची, दारं बंद असतात.

शाळेत शिकलो ते आठव. उजेडात पर्णरंध्रं उघडतात, वायू आत जातो, साखर तयार होते. भात, आंबा, जास्वंद यांचं तसंच चालतं. पण हे झाड मुळात फांदीवर राहणारं. मुळांखाली माती नाही, पाऊस थांबला की पाण्याचा भरवसा नाही. दुपारी रंध्रं उघडली तर वायू मिळेल, पण अंगातलं पाणी उडून जाईल. म्हणून ते रात्रपाळी करतं. अंधार पडून हवा गार झाली की रंध्रं उघडायची, वायू घ्यायचा, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे आतल्या पिशव्यांत, भरून ठेवायचं. मग दिवसा रंध्रं मिटून त्याच आम्लातून वायू सोडवायचा आणि उजेडाच्या जोरावर साखर करायची.

खोटं वाटतंय? बेंजामिन हाइन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक वनस्पतीतज्ज्ञ आपल्याकडे दक्षिणेत होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतं, हे त्यानं चाखून पाहिलं आणि पत्रानंच कळवलं. लंडनच्या लिनियन सोसायटीनं ते १८१५ च्या सुमारास छापलं. पानफुटीची पद्धतही हीच. मी परसातलं पान सकाळी सहाला आणि दुपारी तीनला जिभेवर ठेवून थुंकलं. सकाळी थेट आंबटचुका! बायको म्हणाली, आता गवत खायचं तेवढं राहिलंय.

आता तुझ्या कुंडीकडे येतो. रात्री वायू पकडायला जो कच्चा माल लागतो, तो झाड दिवसा साठवलेल्या पिष्टातून काढतं. म्हणजे आज उजेड कमी मिळाला तर आज रात्री वायू कितीही असो, पकडायला हातच नाहीत. तू झाड ठेवलंयस टीव्हीशेजारी. पानं काळपट हिरवी, लांबुडकी, लोंबती झालीत असं तूच लिहिलंयस. ही उजेडाची उपासमार आहे. बाटली फेक आणि जागा बदल.

पण म्हणून गच्चीवर नेऊन ठेवू नकोस. गेल्या एप्रिलात माझी शेडनेट वाऱ्यानं फाटली. उद्या शिवू, परवा शिवू करत राहिलो आणि दोन दिवसांत अकरा झाडांच्या पानांवर पांढुरके चट्टे पडले. दुपारी रंध्रं मिटलेली, म्हणजे घामही नाही; पान नुसतं तापत राहतं. भर दुपारच्या उघड्या उन्हाचा दहावा हिस्सासुद्धा फॅलेनॉप्सिसला पुरतो. त्यापलीकडचा उजेड त्याच्या कामाचा नाही, उलट पानातली यंत्रणाच बिघडवतो. पान पोपटी हिरवं दिसलं की समजावं बरं चाललंय. कडा लालसर झाल्या की सावली वाढवावी.

सगळी ऑर्किडं अशीच, असं मात्र समजू नकोस. पातळ पानांचं सिंबिडियम आंब्यासारखं दिवसाच वायू घेतं. जाड, मांसल पान दिसलं की रात्रपाळीचा संशय घ्यायचा, एवढा माझा ठोकताळा.

आणि वायूचीच हौस असेल तर फुकटचा उपाय सांगतो. झाड झोपायच्या खोलीत ने. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत हा वायू सव्वाचारशेच्या आसपास. दारं-खिडक्या लावून दोघं झोपलात की पहाटेपर्यंत हजाराच्या वर सहज जातो. निजायच्या खोलीत झाड ठेवू नये म्हणणारी आपली आजी असती तर तिला मी हे झाड दाखवलं असतं. अर्थात तेवढ्यानं फुलांचे दांडे धडाधड फुटतील अशी आशा नको. आधी उजेड.

तुमच्या त्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे ना? तिथे ठेव. दुपारी बाराला पानावर वीतभर उंचीवर हात धर. सावली पुसट पडली पण बोटं ओळखू आली तर जागा योग्य. काळीकुट्ट पडली तर पडदा ओढ. महिन्याभरानं नवं पान कसं येतंय ते कळव.

वहिनींना नमस्कार. ती बाटली घट्ट बुचाची असेल तर आजच स्वयंपाकघरातून हलव, फुटली तर त्या तुला बाहेर काढतील.

तुझा,
बाळ्या