सॉफ्टबॉक्स आहे, पण चुकीच्या जागी

महोदय,

लग्नाच्या बायोडेटासाठी स्टुडिओत काढलेल्या फोटोंत तेच दोष वारंवार दिसतात: कपाळ चकाकतं, नाकाची काळी सावली ओठांवर उतरते, मागच्या पडद्यावर डोक्याची सावली पडते. सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी, तोंडाला पांढरं कापड लावलेली पेटी, असतो, पण सात फुटांवर भिंतीला टेकवलेला. इतक्या लांबून तो चेहऱ्याच्या मानाने लहान ठरतो आणि उजेड कडक होतो. ६० बाय ९० सेंटीमीटरचा बॉक्स चेहऱ्यापासून साडेतीन फुटांवर, ४५ अंश बाजूला, डोळ्यांपेक्षा फूटभर वर आणि किंचित खाली झुकवलेला हवा. अंतर निम्मं झालं की उजेड जवळजवळ चौपट होतो, म्हणून फ्लॅशची ताकद चौथाईवर आणावी. बुबुळात घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी चौकोनी ठिपका दिसला की जागा जमली. ठिपकाच नसेल तर दिवा फार उंच आहे. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल पुरतो. माणूस पडद्यापासून पाच फूट पुढे बसवावा.

चष्म्यात बॉक्स दिसला तर काड्या कानावर जरा उचलाव्यात. चष्मा काढायला सांगू नये, रोजचा चेहरा तोच असतो. आणि बॉक्सच्या आतलं दुसरं कापड कृपया काढून ठेवू नका. कपाळावरचा चकाकता डाग ते नसल्यानेही पडतो.

– एक छायाचित्रकार