झाडांच्या सालीबद्दल, थंडी संपेपर्यंत लक्षात ठेवा प्लीज

मंडळी, काल सकाळी गेटजवळच्या बकुळीला हात लावला तर खोडाची एक बाजू काळी आणि भुसभुशीत, बोटानं दाबली तर साल सुटून हातात आली. मुंबईत बर्फ पडत नाही, पण थंडी पडली की वॉचमन मंडळी सुका पाला गोळा करून बुंध्यालाच शेकोटी लावतात, आणि पहाटे गारठ्यात उभं राहायचं म्हणजे त्यांचीही चूक नाही, म्हणून केबिनमध्ये हीटर द्यावा असं कमिटीला कळवलंय. पाला जाळू नका, कुंड्यांना खत होतो.

दुसरं म्हणजे ख्रिसमसचं लायटिंग. खिळे अजिबात नकोत, तार आवळून बांधू नका, सुतळी सैल बांधा आणि १ जानेवारीला काढाच. सालीच्या आतल्या थरातूनच पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत जातं, तो थर गोल कापला गेला की मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू वाळतं. दिवाळीची तार गुलमोहराच्या फांदीत आत्ताच रुतलीय, रविवारी ९ वाजता ती सोडवू, पक्कड असेल त्यांनी घेऊन या. जखमेवर सिमेंट किंवा ऑइलपेंट लावू नका, उघडीच राहू दे.